आधी मालिका, मग नदी?

प्रश्न: माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पर्यावरणशास्त्र घेऊन. कॉलेजच्या पथनाट्यात ती नाग नदी झाली होती, अंगावर प्लास्टिकच्या पिशव्यांची साडी. खूप टाळ्या पडल्या. तेव्हापासून एकच घोषा: कॉलेज सोडते, मुंबईला जाते, मालिकेतून नाव कमावते, मग पर्यावरणासाठी लढते. दाखला देते टेड डॅन्सनचा, मालिकेतून नाव कमावून समुद्रासाठी लढणाऱ्या अमेरिकन नटाचा. काय सांगू?
– एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: ताई, दाखला चांगला आहे, फक्त पोरीने अर्धाच सांगितला. 'चिअर्स'मधला हा बारवाला (मालिका १९८२ ते १९९३ चालली) कॉलेज अर्धवट टाकून आला नव्हता. स्टॅनफर्ड विद्यापीठ सोडलं ते कार्नेगी मेलन विद्यापीठात नाटक शिकायला, आणि १९७२ मध्ये पदवी घेतली. 'चिअर्स' मिळाली तेव्हा चौतीस वर्षांचा होता. मधली दहा वर्षं जाहिराती आणि किरकोळ भूमिकांत गेली.

समुद्राचं काम त्याने ठरवून धरलंच नाही. सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर मुलींना घेऊन गेला, तर तिथे पाटी: पोहायला मनाई, पाणी दूषित. असं का, हे मुलींना नीट सांगता येईना. त्याच काळात घराजवळ तेलविहिरी खोदण्याविरुद्ध शेजारीपाजारी उभे राहिले होते. त्यात रॉबर्ट सलनिक या वकिलाची गाठ पडली आणि दोघांनी मिळून १९८७ मध्ये 'अमेरिकन ओशन्स कॅम्पेन' ही समुद्र वाचवण्यासाठीची संस्था काढली. पुढे ती 'ओशिआना' या अशाच संस्थेत विलीन झाली. चेहरा नटाचा होता, पण कायदा वकिलाला कळत होता.

लेकीला एवढंच विचारा, यातली तू कोण? नुसता चेहराच व्हायचं असेल तर हिशेब ऐकून ठेव म्हणावं. मालिकेत बारा-तेरा तासांची शिफ्ट, पैसे बहुधा नव्वद दिवसांनी, आणि टीआरपी पडला की गाशा गुंडाळायचा. नाव झालंच आणि पहिली जाहिरात बाटलीबंद शीतपेयाची आली, तर? करारावर सही केली की तोंड बांधलं जातं. यावर तिने विचार केलेला दिसत नाही.

अभिनय सोड असं मी म्हणणार नाही. पण दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी लागते, वर रंगमंचाचा अनुभवही. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेच्या अभिनय अभ्यासक्रमालाही पदवी लागतेच. म्हणजे डिग्री पूर्ण करण्यात तिच्या मुंबईचं काहीच बिघडत नाही. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र नागपुरात आहे, तिथे उतरू द्या. नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थाही याच गावात आहे. एम.एस्सी.चा प्रकल्प तिथे मिळतो का, ते कॉलेजच्या सरांमार्फत विचारून ठेवा.

नदीसाठी मात्र नाव व्हायची वाट कशाला पाहायची? एका रविवारी अंबाझरी तलावापासून मोक्षधाम घाटापर्यंत नाग नदीच्या कडेने चालू द्या, हातात वही घेऊन. कुठला नाला कुठे मिळतो ते लिहून आणलं, तर पुढच्या पथनाट्याची संहिता आपोआप बदलेल.

आणि त्या साडीच्या पिशव्या प्रयोगानंतर कुठे गेल्या, हे आज जेवताना सहज विचारा. रागावून नका विचारू.