दुधाच्या पिशव्या आणि मे महिन्याचं वीजबिल

पर्यावरणाची मनापासून काळजी करणारी माणसं हल्ली समुपदेशनासाठी माझ्याकडे येऊ लागली आहेत. बहुतेकांचं म्हणणं एकच: एवढं करूनही आपणच गुन्हेगार आहोत असं वाटत राहतं. जळगावच्या एका शिक्षिकेची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मे महिना, पारा ४५च्या आसपास. ताईंना झोप लागत नव्हती आणि सासूबाईंशी अबोला होता. "मॅडम, मी दुधाची एकेक पिशवी धुऊन वाळवते, पोराच्या वाढदिवसाला थर्माकोलची प्लेट घरात येऊ दिली नाही. आणि आईंच्या खोलीत रात्रभर एसी. तो आवाज मला सहनच होत नाही." एका रात्री त्यांनी उठून तो बंद केला होता. सासूबाई सत्तरीच्या, रक्तदाबाच्या. पहाटे त्या घामाघूम होऊन उठल्या आणि मग घरात व्हायचं ते झालं.

त्यांची काळजी खोटी नव्हती, तसं मी त्यांना सांगितलं. उन्हाने केळीची पानं करपलेली आपण सगळेच बघतो. पण ही काळजी सगळी डोळ्यांसमोरच्या वस्तूंवर जाऊन बसली होती. म्हणून पुढच्या भेटीला वीजबिल आणायला सांगितलं.

बिलावर मागच्या महिन्यांच्या युनिटांचे खांब छापलेले असतात. ताईंनी ते कधी बघितलेच नव्हते. मेचा खांब उंच असणार हे ठाऊक होतं, पण डिसेंबर-जानेवारीचेही बरेच वर गेले होते. तो गिझर. दोन हजार वॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट जळतं. आपली बरीचशी वीज अजून कोळशाचीच, दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी भुसावळकडे जाताना दिसतातच. एका युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दुधाच्या रिकाम्या पिशवीचं वजन जेमतेम काही ग्रॅम. ताईंनी बिलाच्या पाठीमागेच आकडेमोड केली आणि बराच वेळ गप्प बसल्या.

पिशवी धुणं सोडा असं मी म्हटलं नाही. ती गटार तुंबवते, गाईच्या पोटात जाते. ती भंगारवाल्याकडे जाणंच बरं. पण जीव पिशवीवर पाखडायचा आणि म्हाताऱ्या माणसाचा थंडावा काढून घ्यायचा, हा हिशेब चुकतो. एवढ्या उन्हात थंड खोली ही त्या वयाची गरज आहे, चैन नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

एसी राहिला, फक्त सव्वीसवर आणि सोबत पंखा. तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला. २०२४ साली सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौर पॅनेलला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. त्या अर्जाचं काम नवऱ्याने अंगावर घेतलं.

सासूबाईंसाठी मी ताईंना एकच काम दिलं होतं: काही समजावू नका, विचारा. गावाकडच्या धाब्याच्या घरात उन्हाळा कसा काढायचात? मग त्या बोलायला लागल्या. जाड मातीचं छत, दाराला ओलं गोणपाट, दुपारी चूल बंद, उरलेली कळण्याची भाकरी संध्याकाळी कुस्करून फोडणीला. जिने आयुष्यभर घासभर अन्न वाया घालवलं नाही, तिला आपण पर्यावरण शिकवत होतो, हे ताई माझ्यासमोर बोलल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

अजूनही त्यांना अधूनमधून अपराधी वाटतं. नवऱ्याच्या गाडीवरून वाद होतो, तो मिटलेला नाही. झोप मात्र परत आली.

हे वाचताना तुम्हाला तुमचंच काही आठवत असेल, तर आधी स्वतःचं बिल काढून बघा. पण झोप, भूक आणि कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल, तर बिल राहू द्या आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.