आजीचं दुखणं कागदावर आण

प्रिय बाळ,

आईच्या केमोचा फॉर्म भरताना 'घरात यापूर्वी कुणाला कॅन्सर?' यापुढे तू 'नाही' लिहिलंस. आणि मला लिहिलेल्या पत्रात म्हणतेस, आजी पोटात पाणी होऊन गेली. ते 'नाही' खोड. 'माहीत नाही, विचारतेय' असं लिही.

आपल्या खान्देशात बायांच्या दुखण्याला नाव क्वचितच मिळालं. 'गाठ आली', 'अंगावरून जात होतं', 'पोट फुगलं', संपलं. पोटात पाणी यकृत बिघडल्याने होतं, क्षयाने होतं, आणि अंडाशयाच्या कॅन्सरनेही होतं. आईला 44व्या वर्षी स्तनाचा आणि तिच्या आईला अंडाशयाचा, अशी जोडी निघाली तर हा आनुवंशिक आहे का, असा वेगळा विचार डॉक्टर करतात. आजी रोज आठवते म्हणतेस ना, मग त्या आठवणीला जरा कामाला लाव.

तुझ्या सख्ख्या मावशीला विचार, मामाला विचार, पण आजीची बहीण हयात असेल तर आधी तिच्याकडे जा. फोन नको. ती लसूण सोलत असेल तेव्हा शेजारी बस. 'कॅन्सर होता का?' विचारलंस तर 'नही वं माय' एवढंच ऐकशील. त्याऐवजी विचार: पाणी किती वेळा काढलं? कावीळ होती का? चार घासांतच पोट भरायचं का? क्षयाच्या गोळ्या चालू होत्या का? जळगावला नेलं होतं की धुळ्याला?

आजीचं वय कुणीच सांगणार नाही. 1972च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, तेव्हा मोठा मामा कडेवर होता की चालत होता, यावरून हिशोब लाव. दोन-चार वर्षं इकडेतिकडे चालतील, पण आजार चाळिशीत लागला की सत्तरीत, एवढं ठरायला हवं. मग तिची पेटी उघड. लुगड्यांच्या घड्यांखाली, एक्स-रेच्या पाकिटात, जुन्या पिशवीत शोध. 'बायोप्सी', 'हिस्टोपॅथॉलॉजी' (म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी) किंवा पोटातल्या पाण्याच्या तपासणीचा कागद सापडला तर दहा जणांच्या सांगण्यापेक्षा तो मोलाचा. हातात आल्याबरोबर फोटो काढ, जुनी शाई उडते.

जमलेलं एका पानावर मांड: तीन पिढ्या, बाईला गोल, पुरुषाला चौकोन. प्रत्येकापुढे कुठल्या अवयवाचं दुखणं, कितव्या वर्षी, माणूस आज हयात आहे की नाही. वडिलांची बाजूही काढ, तिथेच बहुतेक जण चुकतात. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा, बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 या जनुकांतला दोष बापाकडूनही येतो आणि मुलाला असो वा मुलीला, येण्याची शक्यता निम्मी असते. स्तनाच्या शंभर कॅन्सरांत असे आनुवंशिक साधारण पाच ते दहाच, तेव्हा आतापासून रात्री जागू नकोस.

जनुकांची तपासणी लागलीच तर आधी आईची, तुझी नंतर. घाबरून स्वतःचं रक्त देऊन मोकळी होऊ नकोस. आईत कुठला दोष आहे हे कळल्याशिवाय तुझ्या 'काही नाही'ला फारसा अर्थ नसतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये जनुकीय सल्ल्याची सोय आहे. जाणार असाल तर रेल्वेचा सवलतीचा फॉर्म डॉक्टरांकडून आधी सहीशिक्क्यासह घ्या. स्लीपर आणि थ्री एसीमध्ये पेशंटचं भाडं माफ, सोबत्याला 75 टक्के सूट.

आता आईचं. घरात थर्मामीटर ठेव. ताप 100.4 फॅरेनहाइटवर गेला की गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, आणि तापाची गोळी आजार झाकते, बरा करत नाही.

तोंड आलं की काळा मसाला, ठेचा, शेवभाजी बंद. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळणी, गिळायचं नाही. भाकरी टोचते. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, कोमट झाल्यावर, वर तूप. तिखटाशिवाय जेवण होतं यावर आपल्या लोकांचा विश्वास बसत नाही, भांडण होईल. होऊ दे.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ येतेय. आजीच्या नावाची घागर भराल, वर डांगर (खरबूज), आंबे, सांजोऱ्या. आईला चुलीच्या धुराजवळ बसवू नकोस, खापरावरचे मांडे शेजारून आण. पूजा झाली की डांगर सालासकट धू, मग सुरी धू, घरीच काप आणि लगेच आईला दे. बाजारात कापून ठेवलेलं आणू नकोस.

तुझी,
मावशी