निसटणारी चिंचिला

प्रश्न : आमची चिंचिला (उंदीर-खारीसारखा कुरतडणारा, दाट केसांचा छोटा पाळीव प्राणी) पिंजऱ्याच्या प्लॅस्टिकच्या तळाचा कोपरा कुरतडून रात्री दोनदा बाहेर पडली, दुसऱ्यांदा ती गोदरेजच्या कपाटामागे सापडली. काय करावे? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : मूळ दुखणे तो प्लॅस्टिकचा तळ आहे. चिंचिलाचे दात आयुष्यभर वाढत असल्याने ती कुरतडणारच; म्हणून तळ पत्र्याचा, गजांमधील अंतर दीड सेंटिमीटरच्या आसपास आणि दाराला कडीखेरीज स्प्रिंगचा हूक असावा. निसटलीच तर झडप घालून धरू नये, कारण घाबरल्यावर तिच्या केसांचा पुंजकाच हातात येतो. दारे लावून धूळस्नानाचे भांडे (ज्यातल्या बारीक धुळीत लोळून ती केस साफ करते) जमिनीवर ठेवावे, बहुधा ती आपणहून त्यात येते. पिंजरा मात्र एसीच्या खोलीतच हवा : अँडीज पर्वतातल्या या प्राण्याला 25 अंशांपुढे उष्माघाताचा धोका असतो, आणि आपल्या वाळ्याच्या कूलरची दमट हवा त्याच्या दाट केसांना मानवत नाही.