स्टेटमेंटमध्ये बॉद्रियार टाकायलाच हवा का?

तू लिहिलंयस की बीएफएचं (कलेच्या पदवीचं) शेवटचं वर्ष आहे, गावातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून मोठी पेंटिंग्ज करतेस, एमव्हीएला (व्हिज्युअल आर्टच्या मास्टर्सला) अप्लाय करायचंय, आणि सीनियर म्हणतात स्टेटमेंटमध्ये (आपल्या कामाबद्दल लिहून द्यायच्या टिपणात) बॉद्रियार (खरं आणि नक्कल यावर लिहिणारा), बार्थ हे फ्रेंच विचारवंत नसतील तर इंटरव्ह्यूत उडवतील, वर कुणीतरी सांगितलंय की पोस्टमॉडर्न (ओरिजिनल, लेखक अशा कल्पनांवरच शंका घेणारा विचार) आता संपलं. मग वाचू की नको?

वाच ना. फक्त चित्राला चिकटवायला म्हणून वाचू नकोस. 1981 मध्ये शेरी लेव्हिन या अमेरिकन चित्रकर्तीनं वॉकर इव्हान्स या फोटोग्राफरच्या 1936 च्या अलाबामातल्या गरीब शेतकरी कुटुंबांच्या फोटोंचे कॅटलॉगमधून परत फोटो काढले आणि स्वतःच्या नावानं गॅलरीत लावले, तेव्हा हे नक्की कुणाचं हा प्रश्न लोकांना झोंबला होता, आणि बार्थचा लेखकाच्या मृत्यूवरचा (म्हणजे अर्थ लेखक नाही, वाचक ठरवतो असं सांगणारा) 1967 चा निबंध तिथे खरंच कामाला आला. आज व्हॉट्सअॅपवर दिवसभर फोटो फॉरवर्ड होतात, तिथे 'मी ओरिजिनॅलिटीला प्रश्न विचारते' एवढंच लिहिलंस तर कोण दचकणार?

आता प्रश्न हक्काचा आणि पैशाचा आहे. लिन गोल्डस्मिथ या फोटोग्राफर बाईनं काढलेल्या प्रिन्स या गायकाच्या फोटोवरून अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकारानं चित्रं केली, त्यातलं एक 2016 मध्ये मासिकात छापलं गेलं, पैसे वॉरहॉल फाउंडेशनला आणि गोल्डस्मिथला काहीच नाही, शेवटी 2023 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 7-2 नं हिच्या बाजूनं निकाल दिला.

तुझ्या फ्लेक्समागे पण एक डीटीपीवाला आहेच की! त्याच्या दुकानात जाऊन बस जरा. साहेबांचं डोकं एका फोटोतलं, कोट भलत्याचाच, खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट साइज चेहऱ्यांत कोण आधी कोण नंतर यावरून फोनवर फोन, हे बघून ये आणि तेच स्टेटमेंटमध्ये लिही. मग बॉद्रियार आठवला तर एका वाक्यात येऊ दे, तोही स्वतः वाचलेला असेल तरच, कारण इंटरव्ह्यूत दुसरा प्रश्न त्याच्यावरच येतो.

बाबांना नोकरीची काळजी आहे म्हणालीस, ती रास्त आहे. कॉलेजात शिकवायचं असेल तर मास्टर्सनंतर व्हिज्युअल आर्टची नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) दे. आणि वाचण्यातच जास्त मजा येतेय असं वाटलं (येतं बरं का असं!) तर बडोद्याच्या एमएस विद्यापीठात कला-इतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथून म्युझियम, गॅलरीचं लिखाण, कॅटलॉग अशी कामं मिळू शकतात, फक्त सुरुवातीचा पगार बेताचा असतो हे घरी आधीच सांगून ठेव.