कोविडमध्ये कॉलेज फुटबॉलचा सीझन पुढे ढकलला त्यावरून नेब्रास्कावाले अजून का चिडतात? हे लोक टीमचे फॅन असतात का कॉन्फरन्सचे?

तुम्ही लिहिलंय की नेब्रास्कातल्या लिंकनला एमएससाठी चाललाय, होणारा रूममेट तिथलाच आहे, आणि २०२० चा विषय निघाला की तो बिग टेनला, म्हणजे नेब्रास्का ज्या कॉन्फरन्समध्ये (युनिव्हर्सिट्यांच्या गटात) खेळतं तिला, शिव्या घालतो पण डिसेंबर-जानेवारीत बोल गेम्स, म्हणजे सीझन संपल्यावरचे बाहेरच्या टीमशी होणारे खास गेम, लागले की बिग टेनच्याच टीम जिंकाव्यात म्हणतो, हे काय गौडबंगाल आहे. मी ओमाहात राहतो, लिंकनपासून तासाभरावर, आणि ऑफिसात निम्मी जनता हस्कर्सची, म्हणजे नेब्रास्काच्या टीमची, आणि उरलेल्यातले बरेच नदीपलीकडचे आयोवावाले, त्यामुळे हे भांडण मी सीझनभर जेवणाच्या टेबलावर ऐकलेलं आहे.

आधी सरळ उत्तर. फॅन टीमचेच असतात. कॉन्फरन्सवर जीव कुणाचाच नसतो, जीव असतो तो कॉन्फरन्समधल्या दुश्मनांवर. हे २०२० मध्ये जेवढं उघडं पडलं तेवढं आधी कधी पडलं नव्हतं.

आता जरा मागचं सांगतो, म्हणजे रूममेटसमोर गप्प बसायची वेळ यायची नाही. फुटबॉल म्हणजे इथे हेल्मेटवालं, हे तुम्हाला माहीत असेलच. नेब्रास्कात एनएफएलची, म्हणजे प्रोफेशनल फुटबॉलची, टीम नाही, एनबीए नाही, मेजर लीग बेसबॉल नाही, जे काय आहे ते युनिव्हर्सिटीचं फुटबॉल. लिंकनचं मेमोरियल स्टेडियम १९६२ पासून प्रत्येक होम गेमला सोल्ड आउट असतं आणि आत ८५ हजारांच्या आसपास माणूस मावतं, म्हणजे गेमच्या दिवशी ओमाहा आणि लिंकन सोडलं तर राज्यातलं तिसरं मोठं शहर ते स्टेडियमच. आमच्या इथे गणपतीचा कार्यक्रम शनिवारी घ्यायचा असेल तर तारीख ठरवायच्या आधी पंचांग नाही बघत, हस्कर्सचं शेड्यूल बघतात, कारण रस्ते जाम असतात आणि हॉल मिळत नाही.

कॉन्फरन्स म्हणजे दहा ते अठरा युनिव्हर्सिट्यांचा गट, जे दरवर्षी मुख्यतः एकमेकांशी खेळतात आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकून पैसे वाटून घेतात. बिग टेन १८९६ ची, नावात टेन असलं तरी २०२० मध्ये १४ मेंबर होते. नेब्रास्का त्यात २०११ ला आलं, आधी बिग ट्वेल्व्हमध्ये होतं, टेक्ससच्या दादागिरीला कंटाळून निघालं. म्हणजे या घरातली ही नवी सून, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तर २०२० चा ऑगस्ट. ५ तारखेला बिग टेनने मोठ्या थाटात नवीन शेड्यूल काढलं, फक्त कॉन्फरन्समधलेच दहा गेम, कोविडमुळे बाहेरच्यांशी खेळायचं नाही. लोकांनी कॅलेंडरवर खुणा केल्या. आणि ११ तारखेला, म्हणजे सहा दिवसांत, सगळा सीझनच पुढे ढकलला, जमलं तर वसंतात बघू म्हणाले. त्याच दिवशी काही तासांनी पश्चिमेकडच्या पॅक-ट्वेल्व्ह कॉन्फरन्सने पण तेच केलं. पण दक्षिणेतली एसईसी, एसीसी आणि आमची जुनी बिग ट्वेल्व्ह, या तीन कॉन्फरन्स म्हणाल्या आम्ही खेळणार. इथेच ठिणगी पडली. सगळ्यांचंच बंद झालं असतं तर लोक हळहळले असते आणि घरी बसले असते, पण एसईसीतलं अलाबामा खेळणार आणि आपण टीव्हीवर बसून बघायचं हे कुणाला सहन होईना.

निर्णय घेतला होता तो युनिव्हर्सिट्यांच्या प्रेसिडेंट-चॅन्सलर मंडळींनी, पण शिव्या खाल्ल्या कमिशनर केविन वॉरनने. बिचारा त्याच वर्षी जानेवारीत खुर्चीवर आला होता, आणि त्यात त्याचा स्वतःचा मुलगा एसईसीतल्या मिसिसिपी स्टेटच्या टीममध्ये, म्हणजे लोकांना आयतंच कोलीत मिळालं. माझं मत विचाराल तर ऑगस्टमधला निर्णय एवढा मूर्खपणाचा नव्हता. तेव्हा टेस्टचा रिझल्ट यायला दिवसच्या दिवस लागायचे आणि कोविड होऊन गेलेल्या खेळाडूंच्या हृदयाला सूज येते का, मायोकार्डायटिस, याची डॉक्टरांना खरोखर धास्ती होती. घोळ झाला तो सांगण्यात. मतदान झालं का, किती विरुद्ध किती, कुणी काय मत दिलं, काहीच सांगेनात. १९ तारखेला वॉरनचं खुलं पत्र आलं की निर्णयाला प्रचंड बहुमत होतं आणि यावर पुन्हा विचार होणार नाही. आता असं लिहिल्यावर लोक गप्प बसतात होय? खेळाडूंचे आईबाप शिकागोजवळ रोझमाँटला, कॉन्फरन्सच्या ऑफिसबाहेर जाऊन उभे राहिले. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स याने ऑनलाइन पिटिशन टाकलं त्यावर लाखोंनी सह्या पडल्या. आणि नेब्रास्काच्या आठ खेळाडूंनी तर थेट कॉन्फरन्सवर केस ठोकली, लँकेस्टर काउंटीच्या कोर्टात, म्हणजे तुमच्या लिंकनमध्येच. त्या केसमुळे शेवटी आकडा बाहेर आला, ११ विरुद्ध ३. खेळू द्या म्हणणारे तिघं कोण तर नेब्रास्का, आयोवा आणि ओहायो स्टेट.

आता निष्ठेचा मुद्दा. निर्णयाच्या आदल्याच दिवशी नेब्रास्काचा कोच स्कॉट फ्रॉस्ट बोलून गेला होता की बिग टेन खेळणार नसेल तर आम्ही दुसरे पर्याय बघू. झालं, इथे लोकांना हुरूप आला, चला परत बिग ट्वेल्व्हमध्ये, ओक्लाहोमाशी परत खेळू, जुने दिवस. ओक्लाहोमाशी नेब्रास्काचं वैर केवढं तर १९७१ च्या त्यांच्या गेमला अजून शतकातला गेम म्हणतात, ३५-३१ ने नेब्रास्का जिंकलं होतं, आणि इथली साठीतली माणसं त्यातले प्ले पाठ म्हणून दाखवतात. उरलेल्या बिग टेनवाल्यांचं म्हणणं, जा की, अडवलंय कुणी, आल्यापासून काय दिवे लावलेत. ओहायो स्टेटवाल्यांना पण खेळायचंच होतं, पण कॉन्फरन्स सोडायची भाषा त्यांच्याकडे फार कुणी करत नव्हतं, कारण मग मिशिगनशी कोण खेळणार? हा फरक नीट बघा. ओहायो स्टेटचं सगळ्यात मोठं वैर कॉन्फरन्सच्या आत आहे म्हणून ते निष्ठावान. नेब्रास्काची खरी वैरं मागे बाहेर राहिली म्हणून त्यांना सोडून जावंसं वाटतं. यात तत्त्व वगैरे काही नाही.

आणि गेलं का नेब्रास्का? छे. काही दिवसांतच वरच्या लोकांनी आम्ही बिग टेनमध्येच आहोत म्हणून सारवासारव केली. वर्षाला ५ कोटी डॉलरच्या वर वाटा येत असताना कोण कशाला जाईल. ज्या पैशावर कुस्ती, व्हॉलीबॉल, पोहणं असले बाकीचे सगळे खेळ चालतात तो इथूनच येतो. शेजारच्या आयोवाने त्याच ऑगस्टमध्ये पैसे नाहीत म्हणून पोहणं, मुलांचं टेनिस आणि मुलांचं जिम्नॅस्टिक्स बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं, तेव्हा गंमत नव्हती ती. आमच्या टेबलावर एक जण रोज हिशोब मांडायचा की कॉन्फरन्स सोडली तर दंड किती, टीव्हीचे किती बुडतील, आणि हिशोब झाला की पुन्हा वॉरनला शिव्या.

पुढे निवडणुकीचं वर्ष, ओहायो-मिशिगन-विस्कॉन्सिन-पेनसिल्वेनिया अशी काठावरची, म्हणजे निवडणुकीत कुठेही झुकतील अशी, राज्यं सगळी बिग टेनची, त्यामुळे १ सप्टेंबरला ट्रम्पनी वॉरनला फोन पण केला. १६ सप्टेंबरला, जो निर्णय पुन्हा बघणार नव्हते तो फिरवला, या वेळी १४ विरुद्ध ०. तोवर रोजच्या रोज करायच्या अँटिजेन टेस्टची सोय झाली होती हे खरं, पण फॅन म्हणाले टेस्टबिस्ट काही नाही, बाकीच्यांनी खेळायला सुरुवात केली ते बघून पोटात दुखलं. दोन्ही थोडं थोडं असावं. नियम असा की पॉझिटिव्ह आला तो खेळाडू २१ दिवस गेममधून बाहेर.

त्यानंतर जे झालं ते तुमच्या रूममेटच्या रागाचं खरं कारण. नव्या शेड्यूलमध्ये नेब्रास्काचा पहिलाच गेम ओहायो स्टेटच्या घरी, ५२-१७ ने धुतले. मुद्दाम दिला असं इथलं लहान पोर पण सांगेल, पुरावा मागू नका. दुसऱ्या आठवड्यात समोरच्या विस्कॉन्सिनच्या टीममध्ये केसेस निघाल्या म्हणून ३१ ऑक्टोबरचा गेम रद्द. नेब्रास्काने पटकन चॅटनुगा नावाच्या छोट्या टीमशी बोलणं केलं, ते लिंकनला यायला तयार, टेस्ट वगैरे सगळं करून. बिग टेनने नाही म्हणून सांगितलं, कॉन्फरन्सबाहेर खेळायचं नाही, नियम म्हणजे नियम.

आणि डिसेंबरमध्ये त्याच नियमांचं काय झालं बघा. बिग टेनच्या चॅम्पियनशिप गेमला जायला किमान सहा गेम झालेले हवेत असं आधी ठरलेलं. ओहायो स्टेटचे तीन गेम रद्द होऊन पाचच झाले, पाचही जिंकलेले. नियमाने इंडियाना जायला हवं होतं. ९ डिसेंबरला नियमच काढून टाकला. ओहायो स्टेट गेलं, नॉर्थवेस्टर्नला २२-१० ने हरवलं, मग देशपातळीवरच्या सेमीफायनलला क्लेमसनला ४९-२८ ने झोपवलं आणि फायनलला अलाबामाकडून ५२-२४ असा मार खाल्ला. बघणाऱ्याच्या डोळ्यांनी बोलायचं तर ओहायो स्टेट जाणं बरोबरच होतं, इंडियानाला त्यांनी नोव्हेंबरात ४२-३५ ने हरवलेलंच होतं. पण चॅटनुगाला नाही म्हणणाऱ्या माणसांनी हे करावं याचा राग नेब्रास्कात अजून आहे आणि तो मला पटतो. मोठ्या टीमला मोठा वाटा मिळतो हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त इतकं उघड करायचं नसतं.

ओहायो स्टेटवाल्यांचं वेगळंच रडगाणं. त्यांचा रद्द झालेला तिसरा गेम मिशिगनचा, जो १९१८ पासून दरवर्षी होत आला होता. मिशिगनमध्ये केसेस होत्या हे खरं, पण त्या वर्षी त्यांची अवस्था २ विजय ४ पराभव अशी, त्यामुळे घाबरून पळाले असा कालवा झाला. टीव्हीवर कर्क हर्बस्ट्रीट, जो स्वतः ओहायो स्टेटचा जुना क्वार्टरबॅक, गेम रद्द व्हायच्या आठवडाभर आधीच असं काहीतरी सुचवून गेला आणि त्याच रात्री त्याला माफी मागावी लागली. स्वतःची टीम फायनलच्या वाटेवर असताना या लोकांना दुःख कशाचं, तर मिशिगनला बडवायचं राहिलं याचं.

आणि नेब्रास्का-आयोवा. ऑगस्टमध्ये हे दोघं एका बाजूने मत देणारे, खांद्याला खांदा लावून. २७ नोव्हेंबरला आयोवात गेम झाला, स्टेडियम जवळपास रिकामं, कोविडमुळे. आयोवा २६-२० ने जिंकलं. नंतर फ्रॉस्टची तक्रार काय तर आयोवाच्या बाजूने मैदानाच्या कडेला उभे असलेले लोक टाळ्या वाजवत होते आणि आमचा सेंटर, म्हणजे बॉल मागे देऊन खेळ सुरू करणारा, टाळी ऐकून बॉल सोडतो, त्याचा गोंधळ होत होता. एरवी सत्तर हजारांच्या आरड्याओरड्यात कुणाला टाळी ऐकू आली असती? आयोवाचा कोच कर्क फेरेंट्झ यावर म्हातारा माणूस नातवाच्या तक्रारीवर हसतो तसा हसला. त्यानंतर कित्येक महिने आमच्या ऑफिसात कुणी हस्करवाला मीटिंगमध्ये बोलायला लागला की आयोवावाला हळूच टाळी वाजवायचा.

कळस म्हणजे सीझन संपल्यावर ३ विजय ५ पराभव असूनही नेब्रास्काला बोल गेमला जायची संधी होती, त्या वर्षी जिंकण्याची अट काढून टाकलेली, आणि टीमने नको म्हणून सांगितलं. आम्हाला खेळायचंय म्हणून कोर्टात गेलेले हेच. पोरं थकली होती, रोज टेस्ट, घरच्यांना भेटणं नाही, मी त्यांना दोष देणार नाही. आयोवावाले देतात.

मग बोल गेमला रूममेट बिग टेनच्या बाजूने का? कारण समोर एसईसी असते. त्यांचे फॅन दुसऱ्याच टीमच्या विजयावर पण एसईसी-एसईसी ओरडतात, ते ऐकलं की इकडच्या माणसाची सटकते. शिवाय आपल्याला ज्याने हरवलं तो बाहेर जिंकला तर आपला पराभव जरा बरा दिसतो. हिशोब साधा आहे. आयोवाला मात्र यातून सूट नाही, हस्कर माणूस आयोवाच्या विरुद्ध कुणालाही पाठिंबा देईल, अगदी अलाबामाला.

आता तर चित्र आणखी बदललंय. २०२२ मध्ये टीव्हीचा सात वर्षांचा करार ७०० कोटी डॉलरच्या वर गेला आणि २०२४ पासून यूएससी-यूसीएलए, ऑरेगन, वॉशिंग्टन असे पॅसिफिकच्या काठावरचे पण बिग टेनमध्ये, एकूण १८. टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसीत गेले, म्हणजे नेब्रास्काचे जुने लोक जिथे परत जायचं म्हणत होते तिथे ओक्लाहोमा उरलंच नाही. पॅक-ट्वेल्व्ह तर फुटून दोन टीमवर आली होती. यात कुणी मला कॉन्फरन्सवरची निष्ठा सांगायला लागला की मी चहा आणायला उठतो.

तुम्ही लिंकनला पोचाल तेव्हा एक करा, पहिल्या सीझनला थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, कुठे फिरायला जाऊ नका. त्या दिवशी आयोवाचा गेम असतो. लाल शर्ट घाला, काळा-पिवळा चुकूनही नको, आणि रूममेटच्या शेजारी बसून टाळ्या जरा बेतानेच वाजवा.