डोंगरात सुट्टीला जाताना तिथल्या निसर्गाला आणि माणसांना त्रास होऊ नये म्हणून काय पाळावं?

तुम्ही लिहिलंय की सहा जणांचा ग्रुप आठवडाभर डोंगरात जाणार आहे, गावातल्या घरी मुक्काम, रोज थोडी चाल आणि दोन रात्री तंबूत. कचरा न करण्यापलीकडे काय पाळायचं, असं विचारलंय. प्रश्न योग्य आहे, कारण प्लॅस्टिक निदान दिसतं आणि कोणीतरी उचलतं. जास्त नुकसान न दिसणाऱ्या गोष्टींनी होतं.

आधी हे लक्षात घ्या की उंचावर सगळं फार सावकाश घडतं. थंडी असते, माती बोटभर असते आणि झाडाझुडपांना वाढायला वर्षातले मोजके आठवडे मिळतात. खडकावर नकाशासारखे पिवळट हिरवे ठिपके दिसतात ते दगडफूल. ते वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा पसरत नाही. तळहाताएवढा ठिपका शंभराहून जास्त वर्षांचा असू शकतो आणि बुटाच्या टाचेने तो एका घासणीत निघतो. दुसरं म्हणजे डोंगरावर जे काही सांडेल ते उतारानं खाली जातं, आणि खाली कोणीतरी तेच पाणी पितं.

म्हणून सुरुवात शौचापासून. याबद्दल बोलायला लोक लाजतात आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. शौचालय असेल तिथे तेच वापरा, कसंही असलं तरी. नसेल तर पाणी, वाट आणि तंबू या तिन्हींपासून निदान 60 मीटर, म्हणजे साधारण 80 पावलं, लांब जा. छोट्या खुरप्याने 15 ते 20 सेंटिमीटर खोल आणि वीतभरापेक्षा कमी रुंद खड्डा करा. खोलीचा हिशोब आहे: मैला कुजवणारे जिवाणू वरच्या काळसर मातीत असतात. खूप खोल गेलात तर कुजणं मंदावतं, उथळ ठेवलंत तर जनावरं उकरतात आणि पावसाने सगळं वर येतं. नुसता दगड ठेवून झाकणं सगळ्यात वाईट, कारण मैल्याला माती लागतच नाही. टिश्यू पेपर पुरू नका, जाळू तर अजिबात नका, वाळलेलं गवत पेटतं. वेट वाइप्समध्ये बहुधा प्लॅस्टिकचे धागे असतात. हे सगळं आणि सॅनिटरी पॅड झिपलॉक पिशवीत भरा, ती आतलं न दिसणाऱ्या दुसऱ्या पिशवीत घाला आणि आत मूठभर कोरडी चहापावडर टाका, वास मरतो. ही पिशवी माणशी एक धरा, निघतानाच तयार ठेवा.

झाडोरा संपतो त्याच्या वर, नुसत्या खडकावर किंवा बर्फात खड्ड्याचा उपयोग नसतो. बर्फ वितळला की सगळं उघडं पडतं. तिथे मैलासुद्धा पिशवीतून परत आणायचा. ऐकायला अवघड वाटतं, पण नेपाळच्या बाजूने एव्हरेस्ट चढणाऱ्यांना 2024 पासून हे बंधनकारक आहे. लघवी मात्र झुडपांवर न करता उघड्या खडकावर किंवा खडीवर करा. तिच्यातल्या मिठासाठी प्राणी ती जागा चाटतात, झाडं मुळापासून उकरून काढतात.

धुण्याचंही असंच. 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेला साबण ओढ्यात चालतो, हा गैरसमज फार पसरलाय. तो मातीत विघटित होतो, वाहत्या पाण्यात तो साबणच असतो. भांड्यात पाणी भरून घ्या, 60 मीटर बाजूला नेऊन तिथे धुवा, खरकटं बारीक गाळणीने गाळून पिशवीत टाका आणि उरलेलं पाणी लांबवर शिंपडून द्या. तळ्यात उतरायच्या आधी सनस्क्रीन पुसून काढा. प्यायचं पाणी उकळणार असाल तर खदखदून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं ठेवा, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. विकतच्या बाटल्यांची गरजच पडत नाही.

आता चालणं. नागमोडी वाटेवर मधूनच सरळ खाली उतरायचा मोह सगळ्यांना होतो. दहा जण तसे उतरले की गवत मरतं, पहिल्या जोरदार पावसात पाणी त्याच सरळ रेषेतून धावतं आणि एक-दोन हंगामांत घळ तयार होते. वाटेला वळणं दिलेली असतात ती पाण्याचा वेग मोडायला. चिखल असेल तर कडेने जाऊ नका, मधूनच जा. कडेने गेलात की वाट रुंदावते, मग पुढचा आणखी कडेने जातो. बूट खराब होतील, होऊ द्या. जिथे वाटच नाही अशा कुरणात मात्र उलट करायचं: एकामागोमाग एक न जाता पसरून चाला, म्हणजे एकाच रोपावर सहा बूट पडत नाहीत. शक्य तिथे दगडावर किंवा बर्फावर पाय ठेवा. टणक खडकावर काठीच्या टोकाला रबरी टोपी लावा.

फोटोसाठी दगडांचे मनोरे रचू नका. धुक्यात वाट दाखवायला असेच ढीग लावलेले असतात. तुमचा ढीग कोणाला कड्याकडे नेऊ शकतो.

खाण्याच्या वस्तू घरूनच वेष्टनातून काढून डब्यात भरा, अर्धा कचरा तिथेच कमी होतो. चॉकलेटचं वेष्टन फाडताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. वाटेवर सगळ्यात जास्त सापडतात ते हेच नखाएवढे तुकडे. केळ्या-संत्र्यांच्या सालीही परत आणा. थंडीत त्या महिनोन्महिने तशाच राहतात आणि प्राण्यांना माणसाच्या खाण्याची सवय लावतात. शेकोटीचा हट्ट सोडा, उंचावर लाकूड वाढायला दशकं लागतात. स्टोव्ह न्या.

घरी मुक्काम आहे तिथे गरम पाणी कशावर तापतं ते पहिल्याच दिवशी विचारा. लाकडावर तापत असेल तर रोज सहा बादल्या मागणं बरं नाही. माणशी दिवसाआड एक बादली पुरे. जेवायचं आदल्या रात्री सांगा, आणि सांगितलंत तर जेवा. तिथे प्रत्येक पोतं कोणाच्या तरी पाठीवरून वर आलेलं असतं. माणसांचे फोटो विचारून घ्या, 'नाही' म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारू नका. मुलांना वाटेत गोळ्या-पेनं वाटू नका, त्यातून हात पसरायची सवय लागते. द्यायचंच असेल तर शाळेत शिक्षकांकडे द्या.

एखादी जागा पवित्र मानतात म्हटल्यावर तिच्या अलीकडेच थांबा, कारण विचारत बसू नका. 25 मे 1955 ला जो ब्राउन आणि जॉर्ज बँड या ब्रिटिश गिर्यारोहकांनी कांचनगंगाची पहिली चढाई केली आणि ते अगदी माथ्याखाली थांबले, कारण सिक्कीममध्ये ते शिखर पवित्र मानतात आणि तसा शब्द दिलेला होता. एवढी चढाई करून शेवटची काही पावलं सोडणं मला फार मोठं वाटतं.

सामान वाहायला माणूस घेणार असाल तर निघण्याआधी त्याच्या पायातले बूट आणि रात्रीची झोपायची सोय स्वतः बघा. वजन समोर तोलून घ्या. आफ्रिकेतल्या किलिमांजारोवर हमालाच्या स्वतःच्या वस्तू सोडून त्याने वाहायच्या सामानाची मर्यादा 20 किलो आहे, तोच आकडा धरून चाला. तो आजारी पडला तर एकट्याला कधीही खाली पाठवू नका.

सामान लादलेली खेचरं आली तर डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या बाजूला नाही. धक्का लागला तर वाचायचं असतं. बोलणं थांबवा, काठ्या खाली घ्या. चढणाऱ्याला आधी वाट द्या. कळपाजवळ राखणीचा कुत्रा असेल तर लांबून वळसा घाला, पळू नका, काठी उगारू नका. रानातला प्राणी चरायचं थांबवून तुमच्याकडे बघू लागला म्हणजे तुम्ही आधीच फार जवळ आलात. सावकाश मागे व्हा. कड्यावर पक्ष्यांची घरटी असतात, तिथे ड्रोन उडवू नका. स्पीकर घरीच ठेवा.

आणि स्वतःची तब्येत हाही त्याच जबाबदारीचा भाग आहे, कारण तुम्हाला आणायला येणारे जीव धोक्यात घालून येतात. 3000 मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर जाऊ नका. तोल जात असेल किंवा बोलणं असंबद्ध होत असेल तर रात्र असली तरी खाली आणा, सकाळची वाट बघू नका.

परत आल्यावर बुटांचे तळवे ब्रशने घासा, लेस आणि मोज्यांतली कुसळं काढून कचऱ्याच्या डब्यात टाका, अंगणात झटकू नका. नाहीतर पुढच्या डोंगरावर या डोंगराचं तण तुम्हीच नेऊन पेराल.