वाफेच्या यंत्राआधी विमा पॉलिसीचा हिशेब करा

मावळातील एका गुलाब उत्पादकाचे पत्र आहे. वीस गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये लाल कोळी ही पानांतला रस शोषणारी कीड आटोक्यात येत नाही आणि फवारणीवर वर्षाला ९० हजार जातात. तर पुदिना-निलगिरीच्या तेलाची वाफ सोडणारे ३ लाखांचे यंत्र सोनेतारण करून घ्यावे का? तेलाला वर्षाला ६० हजार लागतील. पॉलिहाऊसचे २४ लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी चालू आहे आणि ते मंजूर होताना ‘घ्यावीच लागते’ म्हणून गळ्यात मारलेल्या १२ लाखांच्या एन्डाउमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेल्या) पॉलिसीचे दरवर्षी १ लाख २० हजार असे तीन हप्ते भरून झाले आहेत, हे त्यांनी ओघात लिहिले आहे.

यंत्र घेऊ नका. फवारणी पूर्ण थांबली असे धरले तरी ३० हजार वाचतील आणि सोनेतारणाचे व्याजच साधारण तेवढे होईल. मग मुद्दल कशातून फेडणार? शिवाय फवारणी थांबणारही नाही. पानाखालच्या जाळीत दडलेल्या कोळ्यांपर्यंत वाफ पोचते हे खरे, परंतु अंडी बऱ्याच अंशी वाचतात, उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते, आणि तुमच्यासारख्या छताला झरोका असलेल्या पॉलिहाऊसमध्ये वाफ टिकत नाही. पडदे पाडून मात्रा वाढवली तर कोवळी पालवी आणि कळ्या करपू शकतात. विक्रेत्याने सांगितलेली ‘३० टक्के जादा फुले’ हिशेबात धरूच नका. तेलाच्या डब्यावर कीटकनाशक म्हणून नोंदणी क्रमांक आहे का, एवढे मात्र त्याला जरूर विचारा.

खरी गळती पॉलिसीत आहे. कर्जासाठी अशी सक्ती बँकेला करता येत नाही. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले, तर घरच्यांच्या हाती येणाऱ्या १२ लाखांतून निम्मेच कर्ज फिटेल. अशा पॉलिसीवर पाच टक्क्यांच्या आसपास परतावा मिळतो आणि तुम्ही ११ टक्के व्याज भरत आहात. तेच ३ लाख ६० हजार मुद्दलात गेले असते, तर आज वर्षाला सुमारे ४० हजारांचे व्याज वाचले असते, म्हणजे यंत्र वाचवील म्हणतात त्याहून जास्त.

आधी १ कोटीचा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला, मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा घ्या. तुमच्या ३८व्या वर्षी, तंबाखू-सिगारेट नसेल तर, हप्ता साधारण १५-२० हजार पडेल. व्यसन असेल तर अर्जात लपवू नका, कारण दावा तिथेच अडतो. तो विमा हाती आल्यावरच जुन्या पॉलिसीचे सरेंडर मूल्य (पॉलिसी मोडल्यास हाती येणारे पैसे) आणि पेड-अप रक्कम (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवल्यास मुदतीअखेर मिळणारे पैसे) कंपनीकडून लेखी मागवा, एजंटाकडून नव्हे. पुढच्या मार्चपासून जुना हप्ता थांबवून, टर्म विम्याचा हप्ता वजा जाता वर्षाला उरणारे लाखभर रुपये, मुदतपूर्व फेडीचे शुल्क विचारून, थेट मुद्दलात भरा.